मुलाच्या करंगळीचे फ्रॅक्चर: कच्चे प्लॅस्टर, जोडपट्टी की तयार स्प्लिंट?

तासगावची_आई:

नमस्कार. माझा मुलगा 10 वर्षांचा आहे. गेल्या शनिवारी शाळेच्या मैदानावर कबड्डी खेळताना चढाई करून परत फिरत असताना समोरच्या मुलाने त्याचा हात धरला आणि त्या ओढाताणीत त्याच्या उजव्या हाताची करंगळी बाहेरच्या बाजूला वळली. घरी आला तेव्हा डाव्या हाताने उजवा हात छातीशी धरून तो दारातच उभा राहिला. करंगळी अनामिकेपासून फाकलेली दिसत होती आणि तिच्या मुळाशी तळहातापर्यंत सूज चढली होती. मनगटातला काळा दोरा सुजेमुळे रुतायला लागला होता, तो आधी कापला आणि मग त्याला घेऊन अस्थिरोगतज्ज्ञांकडे गेले.

एक्स-रेमध्ये करंगळीच्या मुळाकडच्या पेराचे हाड तळाशी, वाढीच्या चकतीला (जिथून मुलांचे हाड वाढते त्या कूर्चेच्या थराला) लागून मोडलेले दिसले. डॉक्टरांनी बोट बधिर करून हाड जागेवर बसवले आणि करंगळी व अनामिका एकत्र घेऊन कोपराच्या थोडे खालपर्यंत कच्चे, म्हणजे एका बाजूने उघडे असलेले, प्लॅस्टर घातले. आठवड्याने पुन्हा एक्स-रे आणि एकूण 3 आठवडे प्लॅस्टर, असे त्यांनी सांगितले आहे.

त्यानंतर घरात मते सुरू झाली. सांगलीत राहणाऱ्या माझ्या नणंदेच्या मुलीचे बोट गेल्या वर्षी मोडले होते, तेव्हा तिला फक्त शेजारच्या बोटाशी पट्टीने बांधले होते आणि ती दुसऱ्या दिवशी शाळेत गेली. मग याला एवढे मोठे प्लॅस्टर कशासाठी, असा प्रश्न त्या विचारतात. सासरे म्हणतात की प्लॅस्टर सोडवून हाडवैद्याकडून पट्टा बांधून घ्यावा, कारण त्यांचा स्वतःचा हात लहानपणी तसाच बरा झाला होता. माझी काळजी वेगळी आहे. प्लॅस्टरमध्ये बोटे मुळाशी जवळजवळ काटकोनात वाकवून ठेवली आहेत आणि पुढे सरळ आहेत. ती तशीच आखडून तर बसणार नाहीत ना? वाढीच्या चकतीला धक्का लागल्याने बोट आखूड राहील का? आणि लहान मुलांच्या हाताला प्लॅस्टरशिवाय दुसरे कोणते पर्याय असतात? ज्यांना या विषयाची माहिती आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

मिरजेचा_अस्थितज्ज्ञ:

ताई, एक्स-रे न पाहता तुमच्या मुलाच्या उपचारात बदल सुचवणे योग्य होणार नाही, आणि तुमच्या वर्णनावरून तसा बदल करण्याचे कारणही मला दिसत नाही. परंतु तुमच्या डॉक्टरांनी हाच पर्याय का निवडला असेल हे समजले तर घरातल्या मतभेदांना उत्तर देणे तुम्हाला सोपे जाईल, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

तुम्ही सांगता ते मुलांच्या हातातील अतिशय नेहमीचे फ्रॅक्चर आहे. वाढीच्या चकतीच्या फ्रॅक्चरांचे सॉल्टर आणि हॅरिस यांनी 1963 मध्ये पाच प्रकार सांगितले आणि आजही आम्ही तीच भाषा वापरतो. तळाशी मोडून फाकलेली करंगळी बहुतेक वेळा त्यातल्या दुसऱ्या प्रकारात बसते. या प्रकारात भेग चकतीतून जाऊन हाडाचा एक लहानसा कोपरा सोबत घेते, पण सांध्याच्या पृष्ठभागाला धक्का लावत नाही. हाड नीट बसवलेले असेल तर अशा फ्रॅक्चरनंतर बोटाची वाढ थांबणे क्वचितच घडते, त्यामुळे बोट आखूड राहील ही भीती तूर्त बाजूला ठेवा.

आता नणंदेच्या मुलीविषयी. तिचे हाड बहुधा जागेवरून सरकलेले नसावे. न सरकलेल्या, स्थिर फ्रॅक्चरला शेजारच्या बोटाशी बांधणे, म्हणजे जोडपट्टी, पुरेशी असते. सोबतचे बोट जिवंत स्प्लिंटचे, म्हणजे हाड स्थिर ठेवणाऱ्या आधाराचे, काम करते आणि सांधे हलत राहतात. तुमच्या मुलाचे हाड मात्र सरकले होते आणि ते बसवावे लागले. बसवलेले हाड पहिल्या आठवड्यात पुन्हा सरकू शकते. करंगळीला बाहेरच्या बाजूने कोणत्याही बोटाचा आधार नसतो, म्हणून ती अनामिकेशी जोडून तळहाताच्या करंगळीकडच्या कडेने पन्हळीसारखे अर्धे प्लॅस्टर घातले जाते. याला आम्ही अल्नर गटर स्लॅब म्हणतो. दोन मुलांचे बोट मोडले म्हणून दोघांचा उपचार एकच असायला हवा असे नाही. कोणते हाड, हाडाचा कोणता भाग, किती सरकले आणि मुलाचे वय किती, या चार गोष्टींवर स्प्लिंट ठरते.

बोटे मुळाशी वाकवून ठेवण्यामागे पक्के कारण आहे. बोट आणि तळहात यांच्यामधल्या सांध्याच्या दोन्ही बाजूंचे बंध सांधा सरळ असताना सैल असतात आणि वाकवला की ताणले जातात. सांधा सरळ ठेवून बांधला तर सैल बंध तसेच आखडतात आणि नंतर मूठ वळत नाही. पुढच्या दोन सांध्यांचे नेमके उलटे असते. ते वाकलेले राहिले तर आखडतात. म्हणून मनगट 20 ते 30 अंश मागे, बोटांची मुळे 70 ते 90 अंश वाकलेली आणि पुढची पेरे सरळ, अशी ठेवण असते. दिसायला ती अवघडलेली वाटते, पण हातासाठी सर्वांत सुरक्षित ठेवण तीच आहे.

आता एक गोष्ट तुम्ही स्वतः पाहायला शिकावी अशी माझी मनापासून इच्छा आहे, कारण ती एक्स-रेमध्ये सहज दिसत नाही आणि घाईच्या बाह्यरुग्ण विभागात निसटू शकते. ती म्हणजे बोटाला पडलेला पीळ. मुलांच्या हाडात वाकडेपणा भरून काढण्याची मोठी ताकद असते. वय जितके लहान, फ्रॅक्चर चकतीच्या जितके जवळ आणि वाक सांध्याच्या हालचालीच्या दिशेत असेल, तितका तो वाढीबरोबर सरळ होतो. पीळ मात्र वाढीबरोबर भरून येत नाही. सरळ ठेवलेल्या हातात सगळी बोटे ठाकठीक दिसतात आणि मूठ वळली की एक बोट दुसऱ्यावर चढते. आपली स्वतःची मूठ हळूहळू वळून पाहा: चारही बोटांची टोके तळहाताच्या अंगठ्याकडच्या बाजूला, मनगटाजवळच्या एका लहान उंचवट्याकडे रोखलेली दिसतील. पिळलेले बोट या रांगेतून बाहेर पडते. मूल दुखते म्हणून मूठ वळायला तयार नसेल तर त्याचे मनगट अलगद मागे न्यावे. बोटे आपोआप थोडी वाकतात आणि पीळ असेल तर तेवढ्यानेही कळतो. अर्धवट वाकलेल्या बोटांची नखे समोरून पाहिली आणि दुसऱ्या हाताशी ताडून घेतली तरी एका नखाचा तिरकेपणा ध्यानात येतो. तुमच्या डॉक्टरांनी हाड बसवल्यावर हे पाहिलेच असेल, तरीही आठवड्याच्या भेटीत मोकळेपणाने विचारा. मुलांची हाडे लवकर चिकटतात. दोन आठवडे उलटून गेल्यावर सरकलेले हाड पुन्हा बसवणे अवघड होते, म्हणून आठवड्याचा एक्स-रे चुकवू नका.

बाकीचे पर्याय थोडक्यात सांगतो. तर्जनी आणि मधल्या बोटासाठी अंगठ्याकडच्या बाजूने गटर स्लॅब घालतात. अंगठ्याच्या फ्रॅक्चरला आणि मनगटातल्या स्कॅफॉइड हाडाला अंगठा आत घेणारे प्लॅस्टर लागते, ज्याला थंब स्पायका म्हणतात. बोटाच्या टोकाचा चुरा झाला असेल तर टोकाला टोपीसारखे स्प्लिंट पुरते. पेराच्या हाडाची मान, म्हणजे पुढच्या टोकामागचा निमुळता भाग, मोडून सरकली असेल तर मात्र कोणत्याही स्प्लिंटवर विसंबून चालत नाही. तेथे बहुतेक वेळा बारीक तार घालावी लागते, आणि हे फ्रॅक्चर नेमक्या बाजूने काढलेल्या एक्स-रेशिवाय नजरेतून सुटते.

सासऱ्यांचा अनुभव खोटा आहे असे मी म्हणणार नाही. मुलांची न सरकलेली फ्रॅक्चरे कशीही बांधली तरी बहुधा जुळतात, आणि हाडवैद्यांच्या यशाचा मोठा भाग त्यातच आहे. अडचण सरकलेल्या हाडांची आणि घट्ट बांधणीची आहे. बांबूच्या कामट्या लावून आवळलेल्या पट्ट्याखाली सूज वाढली की रक्तपुरवठा तुटतो, स्नायू मरतात आणि हात पंज्यासारखा आखडतो. फोल्कमान या जर्मन शल्यचिकित्सकांनी 1881 मध्ये घट्ट बांधणीनंतरच्या या व्यंगाचे वर्णन केले. आमच्या भागात ते आजही पाहावे लागते, आणि अशा मुलाचा हात पूर्ववत करणे कोणाच्याही हाती राहत नाही. सासऱ्यांना माझा नमस्कार सांगा आणि एवढे जरूर सांगा.

कोरेगावचा_बाबा:

वरील उत्तरात बोटाच्या टोकाचा उल्लेख आला आहे, त्याला जोडून माझ्या मुलीची हकिकत सांगणे मला आवश्यक वाटते. ती 11 वर्षांची असताना तिच्या मधल्या बोटाचे टोक लोखंडी फाटकाच्या सापटीत सापडले. टोक खाली झुकले होते, ते तिला सरळ करता येत नव्हते आणि नखाच्या मुळाशी रक्त आले होते. आम्ही ज्या दवाखान्यात गेलो तेथे कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारा दोर) तुटला आहे असे सांगून, जखम वरवर पुसून, बोट सरळ राहील असे ॲल्युमिनियमचे स्प्लिंट लावून दिले. आठव्या दिवशी बोट लाल झाले, ठणकू लागले आणि नखाखालून पू आला.

साताऱ्यात ज्या शल्यचिकित्सकांनी नंतर तिच्यावर उपचार केले त्यांनी मला तिच्या दोन बोटांची नखे शेजारी ठेवून दाखवली. चांगल्या बोटाचे नख मुळाशी कातडीच्या घडीखाली जाते. दुखावलेल्या बोटाचे नख त्या घडीच्या वर उचलून आले होते, म्हणून ते शेजारच्या नखापेक्षा लांब दिसत होते. त्यांनी सांगितले की टोकाच्या हाडाची वाढीची चकती मोडली आहे, नखाखालची गादी फाटून त्या भेगेत अडकली आहे आणि म्हणून हे उघडे फ्रॅक्चर आहे. 1966 मध्ये याचे वर्णन करणाऱ्या डॉक्टरांच्या नावावरून याला सेमूर फ्रॅक्चर म्हणतात. शस्त्रक्रियागृहात नख काढून जखम धुतली, अडकलेली गादी सोडवून शिवली, बारीक तार घातली आणि प्रतिजैविके दिली. बोट वाचले, नख मात्र थोडे खडबडीत उगवले.

आठ दिवसांचा तो उशीर मला अजूनही सलतो, कारण खूण डोळ्यांसमोर होती आणि आम्हाला ती वाचता आली नाही. ज्या पालकांच्या मुलांची बोटे दारात सापडतात त्यांनी नखाच्या मुळाशी रक्त आहे का आणि नख घडीच्या बाहेर आले आहे का, एवढे त्याच दिवशी पाहावे. तसे असेल तर नुसते स्प्लिंट लावून घरी येऊ नये.

हस्तोपचार_सांगली:

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे आणि हाताची स्प्लिंट करणे हे माझे रोजचे काम आहे. निदान डॉक्टरांनी सांगितलेच आहे. मी फक्त साहित्य आणि वय यांविषयी लिहिते.

तीन-चार वर्षांच्या मुलाला बोटाचे छोटे स्प्लिंट लावणे म्हणजे त्याला खेळणे देण्यासारखे आहे. संध्याकाळपर्यंत ते पलंगाखाली सापडते. लहान मुलांचे हात गुबगुबीत असतात, मनगटाशी खाच नसते, त्यामुळे कोपराखाली संपणारे प्लॅस्टरही ती मोज्यासारखे उपसून काढतात. म्हणून या वयात सगळी बोटे आत घेऊन मुठीच्या पिशवीसारखे आणि पुष्कळदा कोपर वाकवून दंडापर्यंत प्लॅस्टर घालतात. एका बोटासाठी एवढे मोठे प्लॅस्टर पाहून आजी-आजोबा नाराज होतात, पण एवढ्याशा मुलाच्या हातावर टिकते तेच. या वयात सांधे आखडण्याची भीती फार कमी असते. दहा-बारा वर्षांच्या मुलाला मात्र सूचना समजतात, त्याच्यासाठी लहान आणि हालचाल देणारे स्प्लिंट निवडता येते.

माझ्याकडे बहुतेक मुले सूज उतरल्यावर येतात. तेव्हा गरम पाण्यात मऊ होणाऱ्या प्लॅस्टिकच्या पत्र्यापासून त्यांच्या हाताच्या मापाचे स्प्लिंट करता येते. साधारण 65 ते 70 अंश तापमानाच्या पाण्यात तो पत्रा चपातीच्या कणकेसारखा लवचिक होतो; तो पुसून, तापमान आपल्या हातावर पाहून, मग मुलाच्या हातावर बसवायचा आणि दोन-तीन मिनिटे धरून ठेवायचा. ते हलके असते आणि डॉक्टरांची परवानगी असेल तर हात धुण्यापुरते काढता येते. उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीत ते विसरू नये, कारण आपल्याकडच्या एप्रिल-मे महिन्यांच्या उन्हात त्याचा आकार बिघडतो.

जोडपट्टीतल्या चुका मी सर्वांत जास्त पाहते. पट्टी सांध्यांवर न येता पहिल्या आणि मधल्या पेरांवर यावी, म्हणजे बोटे वाकवता येतात. दोन बोटांच्या मध्ये कापसाची किंवा गॉजची पातळ घडी हवीच. ती नसली की घामाने तेथली कातडी पांढरी पडून फाटते. नुसत्या चिकटपट्टीने गोल आवळून बांधलेली बोटे जांभळी झालेली मी पाहिली आहेत.

तासगावच्या ताई, प्लॅस्टर निघाल्यावर तेल लावून बोट चोळू नका आणि दुसऱ्या कोणाला बोट धरून वाकवू देऊ नका. मुलाला स्वतःलाच कोमट पाण्यात हात बुडवून मूठ वळायला आणि उघडायला सांगा. बहुतेक मुलांना त्याहून अधिक व्यायामाची गरज पडत नाही.

तासगावची_आई:

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. डॉक्टरांचे उत्तर मी सासऱ्यांना वाचून दाखवले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि हाडवैद्याचा विषय सोडला. आणखी दोन शंका आहेत. प्लॅस्टरच्या आत खाज सुटते म्हणून तो फूटपट्टी घालून खाजवण्याचा प्रयत्न करतो, त्यावर काय करावे? आणि कोणती लक्षणे दिसली तर रात्रीसुद्धा धावत जावे?

प्लॅस्टर_कक्ष_कराड:

ताई, मी बरीच वर्षे प्लॅस्टर तंत्रज्ञ म्हणून काम करत आहे. आत फूटपट्टी, सळई, पेन्सिल काहीही घालू देऊ नका. कातडीवर ओरखडा उठला की तो आत बंद राहून चिघळतो. थंड हवेवर ठेवलेला हेअर ड्रायर प्लॅस्टरच्या तोंडाशी धरला की खाज कमी होते, आणि हात उंच ठेवला की सूज उतरून आतला कोंडमाराही कमी होतो. झोपताना उशीवर हात छातीपेक्षा वर राहील असे पाहा. आंघोळीला हात बाहेर ठेवणेच बरे. प्लॅस्टिकची पिशवी बांधली तरी ती गळते असे समजूनच वागावे, कारण भिजलेले कच्चे प्लॅस्टर मऊ पडते आणि मग ते हाड धरून ठेवत नाही.

दुखणे दिवसेंदिवस कमी व्हायला हवे. ते वाढत गेले, औषधानेही थांबेना, उघडी असलेली बोटे हलकेच सरळ करताना मूल किंचाळले, बोटे पांढरी किंवा निळसर पडली, मुंग्या आल्या किंवा बधिर झाली, तर सकाळची वाट पाहू नका. जवळच्या रुग्णालयात जाऊन आधी पट्टी आणि खालचा कापूस पूर्ण सैल करून घ्या. कच्च्या प्लॅस्टरचा हाच मोठा गुण आहे की ते एका बाजूने उघडे असते आणि सुजेला जागा देते. म्हणूनच ताज्या दुखापतीवर आम्ही चहूबाजूंनी बंद असलेले पक्के प्लॅस्टर सहसा घालत नाही. पालकांनी आणखी एक पाहावे: प्लॅस्टर घट्ट होताना स्वतःची उष्णता सोडते. ते कोमट किंवा साध्या पाण्यात भिजवावे लागते आणि ओले असताना हात रेक्झिनच्या उशीवर दाबून ठेवायचा नसतो, नाहीतर उष्णता आतच कोंडून लहान मुलाच्या कातडीला भाजू शकते. मूल "गरम लागतंय" म्हणाले तर ते लाडाने म्हणते असे समजू नये.

तासगावची_आई:

पुढे काय झाले ते कळवण्यासाठी लिहीत आहे. आठव्या दिवशीच्या एक्स-रेमध्ये हाड जागेवरच होते. मी पिळाविषयी विचारले तेव्हा डॉक्टरांनी पट्टी सैल करून, त्याचे मनगट मागे नेऊन मला चारही नखांची रांग दाखवली आणि दुसरा हात शेजारी धरून ताडूनही दिली. 21 दिवसांनी प्लॅस्टर काढले. पहिल्या दिवशी करंगळीचे टोक तळहाताला टेकत नव्हते, मध्ये माझे एक बोट मावेल एवढे अंतर राहत होते. रोज तीन वेळा कोमट पाण्यात मूठ वळायला लावली आणि पाचव्या दिवशी ते टेकले. मूठ वळताना करंगळी अनामिकेवर चढत नाही. आता आणखी 2 आठवडे शाळेत असताना जोडपट्टी बांधायची आहे, मध्ये गॉजची घडी ठेवून, आणि डॉक्टर पुन्हा तपासून सांगेपर्यंत कबड्डी बंद आहे. पट्टी कशी बांधायची ते सासऱ्यांनी शिकून घेतले आहे आणि सकाळी शाळेला निघताना तेच ती बांधून देतात.